परिचारिकेची वाट उघडणारी माउली : रमाबाई रानडे

आमचे गाव हुपरी. चांदीचे गाव म्हणून ते दूरवर ठाऊक आहे. येथे घराघरांत पैंजण घडतात. सोप्यात भट्टी, आतल्या खोलीत कड्या आणि घुंगरू जुळवीत बसलेल्या बायका आणि मागल्या दारी तेजाबाची बरणी, असा आम्हा कारागिरांचा संसार असतो. विस्तवाशी रोजची गाठ असल्यामुळे भाजणे-पोळणे आम्हांला नवे नाही. तरीही दोन वर्षांपूर्वीची भाद्रपदातील एक रात्र माझ्या मनातून जात नाही.

दसरा-दिवाळीच्या मालाची घाई होती. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सारेच आबा म्हणतो, रात्री उशिरापर्यंत चांदी आटवीत बसले होते. मूस चिमट्यातून निसटली आणि आटलेली चांदी त्यांच्या पायावर सांडली. मोटारसायकलवर मध्ये बसवून आम्ही त्यांना आमच्या भागातील एका लहानशा रुग्णालयात नेले. तेथे त्या रात्री एकच सिस्टर होत्या. वॉर्डातील सलाईने त्यांच्याकडे, बाळंतपणाची खोली त्यांच्याकडे आणि दारातून येणारा प्रत्येक तातडीचा रुग्णही त्यांच्याकडेच. त्यांनी आबांच्या पायावर बराच वेळ पाणी सोडले, स्वच्छ कापड झाकले, डॉक्टरांना फोनवर विचारून इंजेक्शन दिले. तेवढ्यात आतून एका अडलेल्या बाईची किंकाळी ऐकू आली. सिस्टर धावत आत गेल्या त्या पाऊण तास बाहेर आल्या नाहीत. आबा तळमळत होते आणि मी, पदवीचे शिक्षण घेणारी मुलगी, त्या बंद दारापाशी उभी राहून मोठमोठ्याने वाटेल ते बोलत होते. शेवटी त्या बाहेर आल्या. आतून बाळाचे रडणे ऐकू येत होते. मला एक शब्दही उलट न बोलता त्यांनी ड्रेसिंगचे सामान पुढे ओढले.

आबांचा पाय बरा झाला. पण यंदा त्यांची धाकटी मुलगी बारावी विज्ञान शाखेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आणि तिने परिचारिकेचा अभ्यासक्रम घेण्याचा हट्ट धरला, तेव्हा आबांनी साफ नकार दिला. जुन्या वळणाचे म्हणून ते नाही म्हणाले असते, तर आम्ही वाद घातला असता. त्यांचे कारण मात्र निराळेच होते. ज्या कामात एकट्या बाईने रात्रभर तिघींचे काम करायचे आणि वर आमच्यासारख्यांच्या शिव्या ऐकायच्या, त्या कामाला मी माझी लेक पाठवणार नाही, असे ते म्हणाले. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला मान वर करता आली नाही.

त्याच सुमारास वार्षिकांकासाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे आमच्या मराठीच्या प्राध्यापकांनी सुचविले. ग्रंथालयात शोधता शोधता माझ्या हाती श्रीमती रमाबाई रानडे यांचे आत्मचरित्र आले. न्यायमूर्तींच्या पत्नी एवढीच त्यांची मला ओळख होती. काही वर्षांपूर्वी दूरदर्शन-मालिकेतून त्यांचे बालपण घरोघर पोहोचले, तेही मी पाहिले होते. परंतु मराठी घरातील सुशिक्षित मुलीला परिचारिका होण्याची वाट मोकळी करून देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे, हे मला ठाऊक नव्हते. आबांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला त्यांच्या चरित्रात सापडले. उरलेले निम्मे का सापडले नाही, तेही पुढे सांगणार आहे.

रमाबाईंचा जन्म 1862 च्या जानेवारीत देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. पुढे यशवंतराव चव्हाणही याच गावात जन्मले. म्हणजे रमाबाई आपल्याच मुलखातल्या. माहेर कुर्लेकरांचे, माहेरचे नाव यमुना. घर खाऊनपिऊन सुखी होते, पण मुलींना अक्षर शिकवण्याची त्या घरात पद्धत नव्हती. 1873 मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे त्या वेळी एकतीस वर्षांचे विधुर होते. त्यांचे बालपण आपल्या कोल्हापुरात गेले होते, कारण त्यांचे वडील कोल्हापूर दरबारच्या नोकरीत होते. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने स्वतःवर वेळ आली तेव्हा वडिलांच्या शब्दापुढे मान तुकवली आणि कुमारिकेशी लग्न केले, याबद्दल लोकांनी त्यांना बोल लावला. तो बोल अन्यायाचा होता असे म्हणवत नाही. पण त्यानंतर त्यांनी जे केले, त्याचेही मोल मोठे आहे.

लग्नानंतर लवकरच रानड्यांनी आपल्या पत्नीच्या हाती पाटी दिली. दिवसभर घरकाम आणि रात्री धडा, असा क्रम सुरू झाला. मराठी येऊ लागले, मग इंग्रजीची पाळी आली. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचत नव्हते. सून शिकते म्हणजे घराण्याची रीत मोडते, असा त्यांचा समज. टोमणे, अबोला, पंगतीतला दुरावा हे सारे रमाबाईंच्या वाट्याला आले. त्यांनी ते कोणाला उलट न बोलता सोसले, पण पाटी खाली ठेवली नाही. आत्मचरित्रातील हा भाग वाचताना मला पुनःपुन्हा ती रुग्णालयातील रात्र आठवत होती.

रानड्यांची नोकरी फिरतीची. नाशिक, धुळे, पुणे अशा बदल्यांबरोबर रमाबाईंचे जगही रुंदावत गेले. नाशिकला त्यांनी आयुष्यातले पहिले जाहीर भाषण केले. 1882 मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाजाची स्थापना झाली, तेव्हा आमच्या चरित्रनायिकाही त्या कामात ओढल्या गेल्या. 1884 मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. आज आपण त्यास हुजूरपागा म्हणून ओळखतो. त्याच्या स्थापनेत रानड्यांचा वाटा मोठा होता. 1893 मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मुंबईत रमाबाईंनी हिंदू स्त्रियांचे एक सामाजिक व वाङ्मयीन मंडळ चालविले. त्यात भाषा, शिवणकाम, सामान्य ज्ञान यांबरोबर प्रथमोपचारासारख्या उपयोगी गोष्टींकडेही लक्ष दिले जाई.

16 जानेवारी 1901 रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. शेवटच्या आजारात रमाबाई त्यांच्या उशाशी होत्या. स्वतःचे मूलबाळ नव्हते. वय चाळिशीच्याही आत. त्या काळातील ब्राह्मण विधवेपुढे एकच वाट असे. अंधाऱ्या खोलीत उरलेले आयुष्य काढायचे. रमाबाई मुंबई सोडून पुण्याच्या जुन्या वाड्यात आल्या आणि सुमारे वर्षभर त्यांनी खरोखरच स्वतःला कोंडून घेतले.

मग त्या बाहेर पडल्या, आणि कोठे गेल्या हे पाहण्यासारखे आहे. त्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांकडे गेल्या. त्या रुग्णालयांत जाऊ लागल्या. फुले, फळे, पुस्तके घेऊन रुग्णांच्या खाटेपाशी बसू लागल्या. न्यायमूर्तींच्या विधवेने परक्या, वाटेल त्या जातीच्या आजारी माणसांत जाऊन बसावे, ही गोष्ट त्या काळच्या पुण्याला पचणारी नव्हती. परंतु याच खाटांपाशी बसून त्यांना आपल्या देशाची एक मोठी उणीव उमगली असावी, असे मला वाटते. त्या काळी रुग्णालयांतील शिकलेल्या परिचारिका बहुतेक युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती असत. पांढरपेशा हिंदू घरातील स्त्री या कामाकडे वळत नसे. परपुरुषाच्या शरीराला हात लावणे, रक्त, मलमूत्र, बाळंतपणाचा विटाळ आणि रात्री घराबाहेर राहणे या प्रत्येक गोष्टीवर समाजाचा कडक पहारा होता. परिणाम असा, की आमच्या आजारी बायका संकोचाने रुग्णालयाची पायरी चढत नसत. चढल्या तरी त्यांची भाषा समजणारे माणूस तेथे भेटेलच, याची शाश्वती नसे.

1908 मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी मुंबईत सेवासदन काढले. भारतीय स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण द्यावे, ही कल्पना त्यामागे होती. मार्गदर्शनासाठी ते रमाबाईंकडे आले आणि रमाबाई त्या संस्थेच्या अध्यक्षा झाल्या. पुढच्याच वर्षी, 1909 मध्ये, पुण्याचे सेवासदन रमाबाईंच्या वाड्यात सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे या कामातील उजवे हात. शिवण, लेखन-वाचन, शिक्षिकांचे प्रशिक्षण असे वर्ग निघाले. त्यांत सर्वांत अवघड काम होते ते परिचारिका तयार करण्याचे. सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात शिकू लागल्या. त्यांत तरुण विधवा होत्या. ज्यांचे तोंड सकाळी पाहू नये असे लोक म्हणत, त्या बायका रुग्णाची नाडी पाहू लागल्या. घरी परतण्याची सोय नसलेल्या या मुलींसाठी वसतिगृह काढले गेले. मुलीच्या डोक्यावर विश्वासाचे छप्पर असल्याखेरीज आईबाप तिला रात्रपाळीला पाठवणार नाहीत, हे रमाबाईंनी नेमके ओळखले होते.

त्यांच्याविषयी एक आठवण सांगितली जाते. सेवासदनाच्या वार्षिक समारंभात बक्षीस घेण्यासाठी एक केशवपन केलेली विधवा लाल आलवण नेसून व्यासपीठावर आली. सज्ज्यात बसलेल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली, शिट्या मारल्या. समारोपाला रमाबाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज दुःखाने भरून आला होता. ही मुले स्वतःला सुशिक्षित म्हणवतात कशी, असा त्यांनी सवाल केला. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी अशी एखादी बहीण, आत्या, मावशी असेल, तिची आठवण तुम्हांला कशी झाली नाही, असे त्यांनी विचारले. सभा स्तब्ध झाली. मित्रमैत्रिणींनो, ती हुल्लड करणारी मुले तुमच्याआमच्यासारखीच कॉलेजात शिकणारी होती. त्या रात्री बंद दारापाशी ओरडणारी मी त्यांच्याहून फार निराळी नव्हते.

यानंतरचा रमाबाईंचा काळ म्हणजे अखंड धावपळ. 1913 च्या दुष्काळात त्या गुजरात-काठेवाडात मदतीसाठी गेल्या. आषाढी-कार्तिकीला सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन त्या आळंदीला जात आणि वारीतील स्त्रियांची सेवाशुश्रूषा करीत. त्या गर्दीत चेंगरलेली म्हातारी, उन्हाने चक्कर आलेली लेकुरवाळी, वाटेतच कळा सुरू झालेली बाई, यांची तातडीने सोय पाहणे हे काम किती मोलाचे, ते वारी पाहिलेल्यास सांगावयास नको. मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे आणि स्त्रियांना मताचा हक्क मिळावा, यासाठीही त्या झगडल्या. 1924 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा पुण्याच्या सेवासदनाच्या निरनिराळ्या विभागांत हजारावर स्त्रिया शिकत होत्या. वयाच्या अकराव्या वर्षी ज्या मुलीला अक्षरओळख नव्हती, तिच्या हातून हे झाले. 1962 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

रमाबाईंचे चरित्र येथे संपते. पण आबांचा प्रश्न संपत नाही. रमाबाईंच्या काळातील प्रश्न होता, परिचारिका होणार कोण? आजचा प्रश्न आहे, रात्री त्या किती असणार? पहिला त्यांनी सोडविला. दुसरा आपल्याकडे राहिला आहे, आणि तो केवळ सेवाभावाने सुटणारा नाही.

याला इतिहासाचीच साक्ष आहे. आधुनिक परिचर्येच्या जननी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव सर्वांना माहीत आहे. ज्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी रानड्यांचे नाव जोडलेले आहे, तिच्याशी या बाईंनी आपल्या खेड्यांतील आरोग्याविषयी पत्रव्यवहारही केला होता. 1854 मध्ये अडतीस परिचारिका घेऊन त्या तुर्कस्तानातील लष्करी रुग्णालयात गेल्या, ही कथा शाळेतही असते. त्यांच्या शाळेत शिकलेल्या अ‍ॅग्नेस जोन्स यांची कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही. 1865 मध्ये या बाई बारा परिचारिकांसह लिव्हरपूलच्या गरिबांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. रुग्ण होते हजाराहून अधिक. त्यांनी रात्रीचा दिवस केला, रुग्णालयाचा कायापालट केला आणि 1868 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ज्वराने त्यांचा अंत झाला. त्यांच्या सेवाभावात काय उणे होते? उणी होती ती सोबतच्या हातांची संख्या.

आता थोडा हिशोब मांडते. कलाशाखेची विद्यार्थिनी असले तरी चांदीच्या घरात वाढल्यामुळे हिशोबाची मला सवय आहे. आठवड्याचे तास 168. एक परिचारिका रोज आठ तासांप्रमाणे सहा दिवस, म्हणजे 48 तास काम करते. याचा अर्थ, एका जागी अहोरात्र एक सिस्टर हजर ठेवायची तर साडेतीन माणसे लागतात. त्यांची रजा, आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण यांसाठी तीस टक्के वाढ धरली की ती साडेचार होतात. दोन सिस्टर सदैव हव्या असतील तर नऊ आणि तीन हव्या असतील तर तेरा-चौदा. आपल्याकडील ग्रामीण रुग्णालय साधारणपणे तीस खाटांचे असते. तेथे वॉर्ड, बाळंतपणाची खोली आणि तातडीचा विभाग अशा तीन जागा धरल्या, तर किती नेमणुका लागतील ते वाचकांनीच पाहावे. मग कागदावर सहा-सात परिचारिका असलेल्या ठिकाणीही रात्री एकच का दिसते, याचे आश्चर्य वाटणार नाही.

भारतीय परिचर्या परिषदेने सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे प्रमाण सांगितले आहे. परंतु लहान रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला असे सरासरीचे गणित पुरत नाही. तेथे चार रात्री कोणी येत नाही आणि पाचव्या रात्री भाजलेला माणूस आणि अडलेली बाळंतीण एकाच घटकेला येतात. सरासरी काढली तर एक सिस्टर पुष्कळ झाली. त्या घटकेला मात्र तिला स्वतःचे दोन तुकडे करता येत नाहीत. म्हणून रुग्ण कितीही थोडे असोत, कोणत्याही पाळीला किमान दोघी असल्याच पाहिजेत, असे मला वाटते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 1999 मध्ये याबाबत कायदा केला. तो 2004 पासून अमलात आला. त्यानुसार तातडीच्या विभागात एका परिचारिकेकडे चारांहून अधिक रुग्ण देता येत नाहीत. त्याच देशातील पेनसिल्व्हेनिया राज्यात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास झाला, तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. म्हणजे संख्येचा हा प्रश्न परिचारिकांच्या सोयीपुरता नाही. खाटेवर पडलेल्याच्या जिवाचाही तो आहे.

आपण सिस्टरला देवदूत म्हणतो, भाषणांतून तिच्या त्यागाचे गोडवे गातो, आणि तिला एकटी सोडून निघून जातो. देवदूताला रजा लागत नाही, झोप लागत नाही, सोबत लागत नाही, अशी आपली सोयीची समजूत आहे. रमाबाईंनी मात्र परिचारिकेला देवदूत करण्याच्या भरीस न पडता आधी तिच्यासाठी वर्ग काढला, वसतिगृह काढले आणि भर सभेत तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. माणसाला काम करण्यासाठी जे जे लागते, ते त्यांनी पुरविले. त्यांच्या सेवेचा हा व्यवहारी भाग आपण उचलला पाहिजे. आपल्या भागातील रुग्णालयात रात्रपाळीला किती परिचारिका असतात, मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, हे विचारणे गावकऱ्यांचे, आणि शिकलेल्या मुलामुलींचे तर विशेष, कर्तव्य आहे.

मी रमाबाईंचे पुस्तक घरी नेले. बहिणीने ते दोन दिवसांत वाचून काढले. मग एका संध्याकाळी भट्टी विझल्यावर मी आबांना सज्ज्यातल्या मुलांच्या तोडीची माझीच गोष्ट सांगितली आणि त्या सिस्टरांची मनोमन मागितलेली क्षमा निदान घरात तरी उघडपणे मागितली. त्या सिस्टर आता बदलून दुसरीकडे गेल्या आहेत.

आबांनी अद्याप होकार दिलेला नाही. पण त्यांचे नाहीही पूर्वीसारखे राहिलेले नाही. परवा पैंजणाला डाख लावता लावता त्यांनी मान वर न करता एवढेच विचारले, की रात्री दोन सिस्टर एकमेकींच्या सोबतीला असतात असे लहान रुग्णालय आपल्या बाजूला कोठे आहे काय. बहीण माझ्याकडे पाहू लागली. प्रवेशाची मुदत जवळ येत आहे, आणि मी त्या प्रश्नाचे उत्तर शोधीत हिंडते आहे.